काकूंचे सोवळ्याचे यंत्र

१९ जानेवारी २००३, देवास. रविवार.

सकाळी धुलाईयंत्र क्र. ३ चालवले. टोंकखुर्दचे हे यंत्र. तिथल्या शेतकऱ्याने त्यात चार वर्षे बटाटे धुतले. माझ्याकडे आल्यापासून नऊ वेळा स्वच्छ करूनही आज तळाशी अर्धा चमचा काळी माती निघालीच. पुडीत बांधून तारीख घातली.

श्रीकांत : "अंगारा म्हणून वाटणार का?"

यजमानांची स्कूटर तीन वर्षे अंगणात उभी आहे, कारण गॅरेजमध्ये माझी सहा धुलाईयंत्रे आहेत. सगळी जुनी, सगळी वरून उघडणारी. समोरून उघडणारी मी यंत्रांत धरत नाही. खिडकीतून धुणे बघत बसायचे, हे काय शिस्तीचे लक्षण?

दुपारी धारहून फोन. माहेरच्या शेजारच्या काकू. वय ऐंशीच्या पुढे, आवाज तोच, हुकमी. "कुमे, माझं मशीन बंद पडलं. तू म्हणे मशीनं गोळा करतेस. ये."

पंचेचाळीस वर्षे ज्या यंत्राची वाट पाहिली, ते स्वतःहून बोलावते आहे. स्वैपाकात मीठ दोनदा पडले. सांगितले नाही. श्रीकांतनी खाल्ले.

२६ जानेवारी, रविवार.

कॉलेजचे ध्वजवंदन (दोरीची गाठ चुकीची, दरवर्षी तीच) आटोपून थेट धार.

यंत्र जागेवरच. पांढरे, पोटाशी गोल, अमेरिकन. काका दरबारच्या नोकरीत होते. परत जाणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरकडून त्यांनी ते घेतले. काकूंनी त्या काळी निकाल दिला : यात कपड्याला माणसाचा हात लागत नाही, म्हणजे हे हाताच्या धुण्यापेक्षा सोवळे. तेव्हापासून त्यात फक्त सोवळ्याची लुगडी, धोतरे, पंचे आणि देवांची वस्त्रे. रोजचे कपडे एकदाही नाहीत. त्यामुळेच कुठे ओरखडा नाही, गंज नाही. माझ्या पाहण्यात दुसरे असे यंत्र नाही.

मी आठ वर्षांची असताना पारोशाने त्याचे झाकण उघडले होते. आत मधला दांडा अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे. धोतरे खाली बुडत, वर येत, पुन्हा खाली. दोनच क्षण. मग "शिवलीस!" आणि पाठीत धपाटा. सगळा घाणा पुन्हा धुतला गेला, मलाही आडाच्या पाण्याने न्हाऊ घातले. आज कॉलेजात मुलांना आंदोलन-गती शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे लंबक नसतो, ती धोतरे असतात. हे कुणाला सांगितलेले नाही.

काकू : "पाडव्याच्या आत नीट करून दे. हे चैत्राचं नवरात्र इथलं शेवटचं. वैशाखात मुलाकडे पुण्याला जायचं. नीट चाललं तर नंतर तुझं."

"नीट" या शब्दाची मला कधी भीती वाटली नाही.

९ फेब्रुवारी, देवास.

यंत्र टेम्पोतून सुखरूप. रफीक मिस्त्री आला. हात हुशार, हत्यारे अस्ताव्यस्त. पट्टा तडकलेला. पंपातून काळा गोळा निघाला : निरांजनाच्या वाती! रफीक हसून खाली बसला. "मैडम, ये मशीन है कि मंदिर?"

दोष मिळाला, पट्टा बदलला. पण घड्याळ लावून मोजले तर दांड्याचे हेलकावे मिनिटाला पन्नास. मूळ पुस्तिकेत साठ. कारण उघड आहे : अमेरिकेत विजेची आवर्तने सेकंदाला साठ, आपल्याकडे पन्नास; ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, आवर्तने बदलत नाही, म्हणून मोटर त्या प्रमाणात मंद. म्हणजे बिचारे यंत्र इथे आल्यापासून चुकीच्या वेगाने चालते आहे आणि कुणालाच पत्ता नाही! उपाय : मोटरवर मोठी पुली, म्हणजे पट्ट्याचे चाक.

रफीक : "चल तो रही है। काहे को छेड़ना?"

या वृत्तीनेच देश मागे राहिला.

१६ फेब्रुवारी.

नवी पुली कातून आली. दोनदा परत पाठवली, तिसरी बरोबर. हेलकावे साठ. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा साठ. माझ्या आयुष्यातील फार थोड्या गोष्टी इतक्या बरोबर आहेत.

जुनी पुली रफीकने माझ्या हातात दिली. "फेंकना मत। लोग बाद में रोते हैं।" कुठेतरी ठेवली.

रात्री जेवताना श्रीकांत म्हणाले, "आता सातवं येणार म्हणजे माझी स्कूटर रस्त्यावर."

३० मार्च, रविवार. धारहून परत.

लिहावेसे वाटत नाही, म्हणून लिहिते.

यंत्र जागेवर बसवले. काकूंनी आंघोळ करून, काठीने कपडे आत सोडले, बटण फिरवले आणि भिंतीला टेकून स्तोत्र सुरू केले. मला हे ठाऊक नव्हते. यंत्र चालते तेवढा वेळ त्या स्तोत्र म्हणतात, त्याच ठेक्यावर, इतकी वर्षे. शेवटची ओळ आणि बटणाची टक् एकदम.

आज दांडा पुढे, काकू मागे. त्यांनी गाठायचा प्रयत्न केला. ओळी धावू लागल्या, शब्द एकमेकांवर आदळू लागले. स्तोत्र दोन मिनिटे आधीच संपले, काकूंना धाप लागली, यंत्र आपले ठरल्या वेळेपर्यंत चालूच.

"कुमे, हे कोणाचं मशीन?"

मी पन्नास-साठ समजावून सांगितले. पुस्तिकाही दाखवली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"अमेरिकेत माझं स्तोत्र म्हणतात का गं?"

नंतर : "छान केलंस हो. ने घेऊन. हे माझं नाही."

टेम्पोवाला दारात होता. घेऊन येता आले असते, त्यांनीच दिले होते. नाही आणले. वर्गातही अशी कुणी माझी उत्तरपत्रिका परत केली नव्हती. आणि चूक एकाही आकड्यात नाही.

३१ मार्च, देवास.

जुनी पुली हवी. गॅरेज, माळा, कपाट : नाही. रफीककडे गेले. "मैंने तो आपको ही दी थी।" चेहऱ्यावर विजय. सहन केला.

संध्याकाळी श्रीकांत : "ते लोखंडी चाक ना? गच्चीवर आहे. चिप्स उडत होत्या."

गच्चीवर बटाट्याच्या चिप्स वाळत घातलेल्या. प्लास्टिकच्या चार कोपऱ्यांवर तीन विटा आणि माझी पुली. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "बाईसाहेब, एक वीट आणून ठेवतो." चांगला माणूस आहे. चिप्स मात्र जाड कापतात.

१ एप्रिल, धार.

कॉलेजला दोन दिवसांची रजा. रफीकला बरोबर आणले. तो दारातच अडखळला. काकू आतून म्हणाल्या, "ये रे. याच्या आधी बशीर मिस्त्री उघडायचा. आतलं सोवळं मिस्त्रीचं, वरचं माझं." इतक्या स्पष्ट विभागणीची मला अपेक्षा नव्हती.

वीज जाण्याआधी पुली बसली. हेलकावे मोजले. पन्नास. माझ्या हातून आजवर झालेले सर्वांत अचूक चुकीचे काम.

रफीक : "अब सही गलत है, मैडम।"

मी इथेच राहिले.

२ एप्रिल, पाडवा. धार.

पहाटे आंघोळ. गुढी उभारण्याआधी घाणा. नऊला भारनियमन, वीज जाते.

काकूंनी बटण फिरवले. पहिल्या दोन ओळी सावध, कान यंत्राकडे. तिसऱ्या ओळीपासून खांदे सैल झाले. मी घड्याळ घरात ठेवून आले होते. शेवटची ओळ, टक्.

काकू डोळे मिटूनच : "झाकण उघड."

"मी?"

"आंघोळ झालीय ना? मग?"

उघडले. पाणी अजून हलत होते. पांढरी वस्त्रे एक मोठी गिरकी घेऊन हळूहळू खाली बसली. या वेळी पूर्ण पाहिले.

"नीट चाललं," काकू म्हणाल्या. पुढचे वाक्य मला पाठ होते. त्यांनी ते म्हटले नाही. काठी घेतली.

"कुमे, पुण्याला वीज कितीची असते गं? साठ की आपल्यासारखी?"

साठ म्हटले असते, तर यंत्र माझे. इतके फायद्याचे चुकीचे उत्तर आजवर कुठल्याच परीक्षेत नव्हते.

"पन्नास, काकू. इथल्यासारखीच."

"हं," म्हणाल्या, आणि काठीने पहिले लुगडे उचलले.