मागच्या जिन्याच्या सिनेमाचा उत्तरार्ध दाखवू देण्याबाबत

प्रति,
मा. उपनिबंधक, सहकारी संस्था,
तालुका मुळशी, जि. पुणे

विषय : मध्यंतरात थांबलेला चित्रपट पूर्ण दाखवण्यासाठी घातलेली सहीची अट रद्द होणेबाबत.

संदर्भ : हिरवाई शिखर गृहरचना संस्था, चांदे यांचे मला आलेले पत्र, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

मी निवृत्त ग्रंथपाल असून वरील संस्थेत मुलाकडे नवव्या मजल्यावर राहतो. हा अर्ज चौथ्यांदा लिहीत आहे. आधीचे तीन लिहून झाल्यावर चूक माझीच असावी असे वाटले. आजही तसे वाटत नाही, असे नाही.

१. दर रविवारी क्लबहाउसमध्ये मी वर्णभेदावरचे व सामाजिक इतिहासावरचे कथाचित्रपट दाखवतो. सुरुवातीला चार वाक्ये बोलतो, तीही कागदावरून. आजवर तक्रार नव्हती. परदेशी माणसे किती निष्ठुर असतात, असे म्हणत लोक डोळे पुसून घरी जात.

२. दि. २६ ऑक्टोबरच्या चित्रपटात एक कृष्णवर्णीय बाई गोऱ्यांच्या बंगल्यात स्वयंपाक करते, पण तिने मागच्याच जिन्याने ये-जा करायची असते. एके दिवशी ती पुढच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवते. तिथे मी चहासाठी थांबवले.

३. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या फुलाबाई चहा-पोहे घेऊन आल्या होत्या व दारातून पाहत होत्या. कप देता देता म्हणाल्या, "आबा, तिच्या हातचं खात्यात आन् तिचा पाय चालंना व्हय? मंजी आमच्यावानीच की. आमाला बी मागलीच लिफ्ट हाय." त्या दिवशी पोहे कोणी दुसऱ्यांदा घेतले नाहीत. असे पूर्वी घडलेले नाही.

४. खुलासा करतो. मागच्या लिफ्टवर 'घरकामगार, सामान व पाळीव प्राणी यांच्यासाठी' असा फलक होता. गेल्या वर्षी ठराव होऊन पाळीव प्राण्यांना पुढच्या लिफ्टची परवानगी मिळाली व तेवढे शब्द खोडण्यात आले. फलक माझ्या अक्षरात आहे. कोणी अक्षराचे कौतुक केले की मला नाही म्हणता येत नाही. खोडलेही मीच.

५. अध्यक्ष श्री. सौरभ मला म्हणाले, "काका, सिनेमा छान आहे हो, पण लोकांचा मूड गेला." मग पत्र आले : उत्तरार्ध दाखवायचा असल्यास 'या चित्रपटाचा आपल्या संस्थेशी काहीही संबंध नाही' असे सहीनिशी लिहून द्यावे. पेन उघडून बसलो, सही होईना. खात्री करावी म्हणून आठवडाभर मागच्या लिफ्टने गेलो. त्यावर, रहिवाशाने कामगारांची लिफ्ट वापरल्याबद्दल मला नोटीस मिळाली. सुरक्षारक्षक राजू म्हणाला, "आबा, तुमी हिकडनं गेला की बोलणी मला बसत्यात." त्याचेही खरे आहे.

६. फुलाबाई रोज कणीक मळताना विचारतात, "ती बाई वर गेली का न्हाई, येवढं तरी सांगा." मला ठाऊक आहे, पण सांगत नाही. ते त्यांनी स्वतः पाहावे, आणि बसून पाहावे. त्या दिवशी हॉलमध्ये सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मोजल्या होत्या, प्रेक्षक कमी आले म्हणून. त्यांतली एक त्यांना द्यावी, हे मला सुचले नाही.

तरी विनंती की, ही अट रद्द करावी. ते शक्य नसल्यास सदर फलक काढण्याचा आदेश द्यावा, म्हणजे त्याच दिवशी मी निर्धास्तपणे सही करीन. दुसरे काम सोपे असावे. चारच स्क्रू आहेत.

आपला नम्र, आणि सदर फलकाचा लेखनिक,
एकनाथ हिंगमिरे
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) लिहून द्यावयाचा मजकूर (सहीविना)
२) फलकाचे छायाचित्र
३) लिफ्टच्या वापराबाबतची नोटीस
४) स्क्रूड्रायव्हर जोडलेला नाही. तो माझ्या खिशात आपल्या आदेशाची वाट पाहत आहे. फार दिवस पाहील असे वाटत नाही.