चौकट रंगवायची नाही

खाला, शुक्रवारी तुझ्या लेकीच्या घरी, भर पंगतीत, मी बोलून टाकलं. बोलायचं नाही अशी तुझी ताकीद होती आणि ती मागे घ्यायच्या आधीच तू गेलीस, त्यामुळे ती तशीच लागू राहिली. चाळिशी उलटेपर्यंत मी ती पाळली. आता तुझ्याकडून परवानगी यायची शक्यता नाही, म्हणून माझी मीच घेतली. रागावणार असशील तर खुशाल रागाव. तुझ्या रागाची मला सवय आहे, आणि रागवायला तू असतीस तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

अबू हलीफाच्या त्याच बिल्डिंगीत, त्याच फ्लॅटमध्ये तुझी खानावळ अजून चालू आहे. आता तुझी लेक चालवते. इराकी इथे घुसले त्या लढाईच्या वेळी ती श्रीवर्धनला आजीकडे शाळेत होती, त्यामुळे तिला एवढंच ठाऊक, की अम्मीनं त्या दिवसांत शेजारच्या कुणाचं तरी पोर सांभाळलं. ते पोर मी, हे इथे नोकरीला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला जाऊन सांगितलं. तोवर तू सुलेबिखातच्या कबरस्तानात होतीस. ती रडली, मला भाऊ म्हणाली, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी मी तिच्याकडे जेवतो. माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, गाव अलिबागकडचं, म्हणून तिनं मला हिंदू धरलं आणि मी ते धरू दिलं. मी बेने इस्राएल, आपल्या कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणायचे त्यांतला, म्हणजे ज्यू, हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. शुऐबाच्या ज्या प्लांटमध्ये मी मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळतो, तिथे तर नाहीच नाही. बायको फोनवर दर वेळी बजावते, हल्लीचे दिवस कसे आहेत ते बघ आणि तोंड सांभाळ, एका शब्दावर परतीचं तिकीट हातात ठेवतील. ती काही चुकीचं सांगत नाही.

तुझ्या बाहेरच्या दाराच्या चौकटीवर, उजव्या अंगाला, एक तेलकट काळपट डाग पडला आहे. तुझी नातवंडं, जेवायला येणारे बॅचलर, जो बाहेर पडतो तो तिथे हात लावतो आणि मग छातीला नेतो. का, ते कुणालाच सांगता येत नाही. मी एकदा तुझ्या नातीला विचारलं तर तिनं खांदे उडवून इंग्रजीत उत्तर दिलं, "इट्स जस्ट अवर थिंग, अंकल." शुक्रवारी तुझी लेक वाढता वाढता म्हणाली, की घरमालक घराला रंग लावून देतोय, चौकटही रंगवायला सांगितली आहे, एकदाचा तो डाग जाईल. पोरांना कुराण शिकवायला येणारे उस्ताद तिला म्हणाले होते की ही बिदअत आहे, दीनमध्ये नसलेलं काहीतरी घुसडलेलं. आता ते बंद करायचं. माझा घास हातातच राहिला.

बाकी सगळे विसरले तरी मी विसरणार नाही. तेव्हाचा लहानगा मी तुझ्या स्वयंपाकघरात उभा आहे. ओट्यावर कांद्याचा ढीग, मोठ्या तपेलीत डाळ, आणि बाबा दारात उभे आहेत, घामानं भिजलेले. इराकी रणगाडे येऊन दोन-चार दिवस झालेत. आई बाळंतपणाला अलिबागला गेली आहे. बाबा काम करतात तो प्लांट बंद पडू नये म्हणून सैनिक कामगारांना तिथेच ठेवून घेताहेत, आणि बाबांना जावं लागणार आहे. आमचा फ्लॅट तुझ्या खालच्या मजल्यावर. तिथे दाराच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरमागे, चौकटीवर बोटाएवढी पितळेची नळी होती, मेझुझा, तिच्यात आमच्या धर्मातलं वचन लिहिलेली गुंडाळी. घरातून निघताना तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना लावायची, हे मी चालायला लागल्यापासून करत होतो. बाबांनी ती नळी उपटून आणली होती आणि ती त्यांनी तुझ्या तांदळाच्या पिंपात खोल पुरली. मग ते म्हणाले, "खाला, तुम्हाला एक सांगायला हवं, आम्ही..." आणि तू त्यांना पुढे बोलूच दिलं नाहीस.

"मना ठाव हाय," तू म्हणालीस. "तुमी शनवारी चूल पेटवीत नाय ता मी पयल्या म्हयन्यातच बगितलाय. जावा तुमी. पोर माजा." मग माझ्याकडे वळलीस. "आजपासना तू माजे भनीचा पोरगा. मी सांगी तवर कोनाला काय बोलायचा नाय. समाजला?"

मला समजलं होतं, पण हाताला समजलं नव्हतं. तुझ्या दारावर काहीही नव्हतं, तरी बाहेर पडताना हात चौकटीकडे जायचा आणि तिथून ओठांकडे. तू पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा पळीच माझ्या मनगटावर मारलीस. दुसऱ्यांदा म्हणालीस, हात खिशात घालून बाहेर जायचं. मी खिशात हात घालून गेलो आणि आत येऊन पुन्हा बाहेर जाताना विसरलो. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या पोराच्या हातून झाली नसती, आणि झाली असती तर तिचं कुणाला काही वाटलं नसतं.

कोपऱ्यावर इराकी सैनिकांचं तपासणी नाकं बसलं होतं. तिथला पिकल्या मिशांचा हवालदार दुपारी तुझ्याकडे डाळभात खायला यायला लागला. त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. एका दुपारी मी खेळायला धावत सुटलो, आणि जाता जाता हात गेला. हवालदार चावायचा थांबला. त्यानं मला परत आत बोलावलं, दाराकडे बोट केलं आणि तुला विचारलं, "शिनू हाज़ा?" हे काय आहे. तुझं अरबी बाजारात शिकलेलं, मोडकंतोडकं, पण तू डाव हातातून खाली न ठेवता म्हणालीस, की ही हिंदी लोकांची रीत आहे, दाराला हात लावून निघायची. तो म्हणाला, सगळे करतात? तू म्हणालीस, सगळे, उद्या बघ. तो म्हणाला, बगदादला माझ्या आजीच्या गल्लीत काही घरांतले लोक असंच करायचे, बोटं ओठांना लावायचे, ते लोक मग गेले. तो कोणाबद्दल बोलतोय हे तुला कळलं आणि मलाही कळलं. तू हसलीस आणि म्हणालीस, पोर लहान आहे, चुकतो, खरं तर हात छातीला न्यायचा असतो.

संध्याकाळी तू खानावळीतल्या सगळ्यांना बसवलंस. कोण होते ते? देवगडचा सुतार, त्याचे दोन जोडीदार, रत्नागिरीचे ड्रायव्हर, महाडचा एक वेल्डर. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, सगळे घाबरलेले, घरी कधी जायला मिळेल याच्याच चिंतेत. तू त्यांना माझ्याबद्दल सांगितलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "उद्यापासना माजे घरातना भायेर पडताना जो चौकटीला हात लावनार नाय त्याला माजे हातचा भात नाय." सुतार म्हणाला, "खाला, आमी तं उंबऱ्याक हात लावतोच, चौकटीचा काय." बाकीच्यांनी कुरकुर केली असेल, पण भात तुझ्याच हातात होता.

दुसऱ्या दुपारी हवालदार दाराशेजारी खुर्ची टाकून बसला. एकेक माणूस जेवून उठतो, दाराशी जातो, चौकटीला हात लावतो, छातीला नेतो आणि जिना उतरतो. सुताराचा हात कपाळाला जातो, तो त्याचा तसाच जाणार. मीही जातो, हात छातीला लावतो. हवालदार तुझ्याकडे बघतो. तू, जी गावच्या दर्ग्यातही कधी मान झुकवायची नाहीस, अल्लाशिवाय कुणापुढे वाकायचं नाही म्हणून जिनं सासूशी आयुष्यभर वाद घातला, ती तू पदराला हात पुसून उठतेस, चौकटीवर तळहात ठेवतेस आणि छातीला लावतेस. हवालदार बराच वेळ चौकटीकडे बघत राहिला. मग भाताबद्दल शुक्रन म्हणून निघून गेला, आणि त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला पटलं की त्यानं पटवून घेतलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी तू मला तपेलीच्या तळाला उरलेली भाताची खरड वाढलीस आणि म्हणालीस, "अल्लाला काय जवाब द्यायचा तो मी देईन. तू जेव."

पुढे बाबा सुटून आले, पिंपातली नळी काढून त्यांनी तुझ्याच जुन्या ओढणीत बांधली, आणि बसनं, मग विमानानं, आम्ही घरी पोचलो. तू आली नाहीस. मागे राहिलेल्यांना कोण घालणार, असं म्हणालीस.

मागल्या सुट्टीत अलिबागला असताना आमचं सिनेगॉग बघायला युरोपातून एक म्हातारी बाई आली होती. लहानपणी तिला एका शेतकऱ्याच्या घरात, फळ्यांखाली लपवून ठेवलं होतं. मी तिला तुझी गोष्ट सांगितली. तिच्या शेजारी माझी गोष्ट ठेवायची मला लाज वाटत होती, कारण माझे बाबा परत आले आणि तिचं कुणीच आलं नाही. ती म्हणाली, की तिकडे मुलग्यांना सुंतेवरून ओळखायचे. मी म्हटलं, इकडे त्याच सुंतेमुळे मी खालाचा भाचा म्हणून खपून गेलो. ती हसली आणि मग म्हणाली, मला वाचवणाऱ्यांनी माझ्या सगळ्या सवयी मोडल्या, त्यांना दुसरा इलाजच नव्हता, पण तुझ्या बाईनं तुझी सवय सगळ्या घराला लावली. ते ऐकल्यापासून मला गप्प बसणं जड जायला लागलं होतं. आणि त्यात तुझी लेक म्हणाली, डाग जाईल एकदाचा.

मी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणालो, हा डाग माझा आहे. मग सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच. पंगतीत माझ्याच प्लांटचा एक फोरमन होता, तो ताटाकडे बघत बसला. तुझ्या लेकीनं विचारलं, "म्हंजे तू यहुदी?" मी म्हणालो, होय. माझा आवाज कापला नाही, हे मुद्दाम सांगतो. ती भातवाढी हातात धरून उभीच होती. मग म्हणाली, "लडाय सरली तरी अम्मी हात लावीत रायली. मी विचारला तर बोले, तो परत येल तवा त्याला परका वाटाया नको. मना वाटे ती आमचे अब्बाबद्दल बोलते." तिचे अब्बा तर लढाईच्या आधीच वारले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

थोड्या वेळानं तिनं पोरीला, म्हणजे तुझ्या नातीला, हाक मारली. "रंगवाल्याला फोन कर. चौकट रंगवायची नाय म्हनून सांग." "अँड उस्ताद?" पोरीनं विचारलं. "उस्तादला मी बगते," तुझी लेक म्हणाली, अगदी तुझ्या आवाजात. फोरमन जेवून उठला आणि चौकटीला हात न लावता गेला. जाऊ दे. तो कुणाला काय सांगेल ते मला माहीत नाही. शनिवारपासून रोज कामावर जातो आहे, आणि बोललेलं मी मागे घेणार नाही. काढलं तर काढलं. सूटकेस भरायला मला वेळ लागत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? तुझ्या कबरीवर फक्त नंबर आहे, आणि देवनागरी तुला वाचता येत नव्हतीच, गावची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो. ते घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. त्या हवालदाराला तू म्हणालीस की पोर चुकतो. खाला, मी चुकत नव्हतो. हात ओठांनाच न्यायचा असतो, आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या तसंच आहे. सिनेगॉगमधले म्हातारे मला दर सुट्टीत तेच ऐकवतात, कारण माझा हात मेझुझावरून अजून छातीलाच जातो. सुरुवातीला मी तो बदलायचा प्रयत्न केला. आता करत नाही.