हात खाली

इंदूर, नोव्हेंबर १९५७

प्रिय लीलाताई,

देवासला तुझी शाळा पुन्हा सुरू झाली असेल. इकडे दिवाळी झाली. शरद सुट्टीला आलाय, अजून इथेच आहे. त्याच्याबद्दलच लिहायचंय.

तापात त्याचे कान गेले तेव्हा तू इथेच होतीस. चार वर्षांचं पोर, अखंड बडबड करणारं. पुढे त्याचे शब्द एकेक करून गळत गेले, ते मात्र तू पाहिलं नाहीस. ऐकूच येईना, तर टिकणार कसे? पण माझ्या एक लक्षात आलं होतं. हात हलला की त्याला शब्द सुचायचा. तळव्यावर तळवा थापला की "पोई" म्हणायचा, म्हणजे पोळी. हात सोंडेसारखा झुलवला की "हत्ती". हात धरून ठेवला तर तोंडही बंद. मग मीही हातांनी बोलायला लागले. लालबागेकडून फिरून आलो की संध्याकाळभर सांगत बसायचा, माकड झाडावरून कसं उतरलं, माळ्याने काठी कशी उगारली. अर्धं तोंडाने, अर्धं हातांनी, पण सांगायचा पूर्ण.

सासऱ्यांना, नानासाहेबांना, ते बघवेना. म्हणाले, "सूनबाई, दरबारात बोललेली माणसं आपण. आमचा नातू मुक्यासारखे हातवारे करणार?" त्यांनी मुंबईची एक शाळा शोधून काढली. तिथे बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला आणि बोलायला शिकवतात, आणि हात हलवू देत नाहीत. नव्या राज्याचं दफ्तर भोपाळला गेल्यापासून हे तिकडेच असतात. तिथूनच यांनी होकार कळवला. मला कोणी विचारलं नाही. जूनमध्ये शरदला नेऊन ठेवलं.

दिवाळीला आला तेव्हा स्टेशनावर "आई" म्हणाला. इतकं स्वच्छ, ताई, की मी त्याला तिथेच फलाटावर कवटाळलं. घरी नानासाहेबांनी शेजारपाजार गोळा केला. शरद हात पाठीमागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "हा चेंडू आहे. हे घर आहे. माझं नाव शरद." शेजारचे व्यासजी म्हणाले, "वा बेटा, कमाल कर दी!" नानासाहेबांनी डोळे पुसले. त्यांचं प्रेम खोटं नाही गं, तोच तर त्रास आहे.

सगळे गेल्यावर मी आमच्या रीतीने हाताने विचारलं, तिथे पोटभर जेवतोस ना? तो दचकला. दाराकडे पाहिलं. मग माझे दोन्ही हात धरून माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "हात खाली."

भाऊबीजेनंतर त्याने जेवण टाकलं. कोपऱ्यात बसून रडत होता. मी पोट दाखवलं, डोकं दाखवलं, कुठे दुखतं म्हणून विचारलं. त्याने स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि रडता रडता म्हणत होता, "हे घर आहे. हा चेंडू आहे. माझं नाव शरद." पुन्हा पुन्हा तेच. नीट म्हटलं तर कोणीतरी दुखणं थांबवेल, असं वाटत असावं त्याला. डॉक्टरांनी पाहिलं, तर कानात गळू पिकलेलं. म्हणाले, "बाई, इतने दिन दर्द सहा, बच्चे ने बताया क्यों नहीं?" नुसतं बोट कानाकडे न्यायचं होतं, ताई. तेवढंही माझ्या पोराने केलं नाही.

नानासाहेब म्हणतात, सवय होईल. सोमवारी त्याला परत पाठवायचं ठरलंय. यांना मी सगळं कळवलं. यांचं एका ओळीचं उत्तर आलं, वडिलांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस.

म्हणून तुला लिहिते आहे. रविवारी सकाळच्या मोटारीने मी शरदला घेऊन तुझ्याकडे येते. पळून येणार नाही, नानासाहेबांना नमस्कार करून, सांगून निघेन. मग ते मला या घरात परत घेतील की नाही, ठाऊक नाही. तू एकटी असतेस, तुझ्या घरात तुला कोणी अडवणारं नाही, म्हणून तुझ्याकडेच आसरा मागते. गळू फुटलं, कान बरा होतोय. पण आज दुपारी झोपेत त्याची बोटं हलत होती. काय सांगत होता, मला कळलं नाही. मी जवळ बसून बघत राहिले, आणि जाग आल्याबरोबर त्याने मुठी मिटल्या. दार उघडशील तेव्हा त्याला जवळ घे, ताई. काही बोलून दाखव, असं मात्र म्हणू नकोस.

वाटेकडे डोळे लावलेली, तुझीच
यशोधरा