जावळाची घोंगडी आणि पाच डबे

१२ नोव्हेंबर
दिवाळी संपली, बोनसही. शेल्फ पुसताना सगळं नीट बघितलं. मिक्सर, प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, दोन न नेसलेल्या साड्या. यात माझ्या वडिलांचं, आबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन गेलं. ते पैसे वेगळ्या पाकिटात होते, वर माझ्याच अक्षरात 'आबा' लिहिलेलं. गुलमंडीच्या बाजारात उभी होते तेव्हा पाकीट आठवलं नाही असं नाही. आठवलं. पुढच्या पगारात भरू म्हटलं.
हे रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तुझ्या हाताला खाज सुटते बघ." रागावले असते तर बरं झालं असतं.
आजपासून माझा पगारही यांच्याकडे. मी पैशाला हात लावायचा नाही. रोज इथे खाली एक अक्षर. पा. म्हणजे पाळलं, मो. म्हणजे मोडलं.
पा.

१९ नोव्हेंबर
पॅकिंगला उभं राहून पाय भरून आलेत. डोळे मिटले तरी गोळ्यांची पाकिटं सरकतात. सुटल्यावर कंपनीच्या गेटाबाहेर बांगडीवाला. शोभा माझ्याच टेबलावर असते, तिचा हात धरून सरळ बसमध्ये चढले. "ताई, सोडा की हात, दुखायलाय!"
पा.

२७ नोव्हेंबर
शोभा तीन दिवस नाही. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चा, तिच्या वस्तीतल्या बाया गेल्यात. तिच्या वाटचं कामही माझ्याच गळ्यात. कंटाळा. काहीतरी नवं घ्यावं असं सारखं वाटतं. काय ते ठाऊक नाही, नुसतं नवं.
पा. पण दात आवळून.

३ डिसेंबर
सुट्टी. भांडेवाली आली. एकात एक बसणारे पाच स्टीलचे डबे, झाकणाला कड्या. इथे पैसा लागत नाही, जुने कपडे द्यायचे. म्हणजे ही खरेदी नव्हेच. तीन साड्या, यांचे दोन शर्ट टाकले. तर बाई डबे परत टोपलीत भरायला लागली. "एवढ्यात नाय परवडत बाई. अजून एक भारी कायतरी टाका."
ट्रंक उघडली. तळाशी घोंगडी, आबांनी लग्नात दिलेली. गारखेड्याला राहायला आल्यापासून एकदाही अंथरली नाही. मेंढरांचा वास येतो, शेजारणी काय म्हणतील. पडूनच होती.
दिली.
डबे धुऊन मांडले. छान दिसतात.
पा. (एक पैसा गेला नाही.)

४ डिसेंबर
सकाळी यांनी डबे बघितले. "कशावर घेतले?" सांगितलं. चहाचा कप तसाच ठेवून उठले. दारातून वळून म्हणाले, "पैसा गेला नाही ना? मग काय गेलं, ते लिही तुझ्या वहीत."
लिहिते. घोंगडी जावळाची होती. कोकरांची पहिल्यांदा कातरलेली लोकर, आबांनी दोन वर्षं थोडी थोडी साठवली, मग विणून घेतली. मांडवात माझ्या खांद्यावर टाकली तर सगळे हात लावून बघत होते, इतकी मऊ. पुढे चुलीची ठिणगी पडून कोपऱ्यात भोक पडलं. आबांनी स्वतः दाभण घेऊन पांढऱ्या लोकरीचा टाका घातला. जाड, वेडावाकडा.
कालच्या अक्षरावर काट मारली. मो. मो. मो.

९ डिसेंबर
शोभा आली. घोषणा देऊन आवाज पार बसलेला. भांडेवाली तिच्या वस्तीपलीकडे राहते, म्हणून तिला सगळं सांगितलं. "इचारते ताई. पण आत्ता बंद हाय, पोलीस हायत, कुनी कुटं जाईना." मी विचारलं, इतक्या दिवसांचा पगार बुडाला तुझा, वाईट नाही वाटत? म्हणाली, "विद्यापीठाच्या नावात आपलं मानूस नसलं तर त्या दारातून आत जाताना परकंच वाटतं ओ."
ही पोरगी एका नावासाठी पगार सोडून गेली. मी बापाच्या मेंढरांचा वास लपवत बसले आणि शेवटी पाच डब्यांवर देऊन टाकला. लाज वाटते. दुसरं काही लिहिता येत नाही.

१७ डिसेंबर
दोन दिवस बस बंद होत्या, आज सुरू. माहेरून, करमाडहून निरोप आला. आबांना जवळजवळ दिसत नाही, परवा हौदाच्या कठड्याला धडकले. हे म्हणाले, बोलावून घे, ऑपरेशनपुरतं जमलंय. यांचा ओव्हरटाइम म्हणून जमलंय, हे ते बोलले नाहीत.
दुपारी शोभानं सांगितलं, भांडेवाली भेटली. घोंगडी रविवारच्या बाजारात कुण्या ट्रकवाल्यानं नेली. कुठला, कुणाला माहीत.

२३ डिसेंबर
न नेसलेल्या दोन्ही साड्या शेजारच्या कुलकर्णीबाईंना निम्म्या किमतीत दिल्या. त्यातून शहागंजात काळी घोंगडी घेतली. जावळाची आहे का विचारलं. दुकानदार हसला, "जावळ अब कहाँ मिलता है बाई!" घरी आणून ओट्यावर आपटली, मातीत लोळवली. जुनी वाटावी म्हणून.
पा. की मो.? जागा कोरी ठेवते.

२ जानेवारी
आबा आले. माझ्या तोंडावरून हात फिरवला. "लई वाळलीस माय." संध्याकाळी गारठा पडल्यावर म्हणाले, "तुला लग्नात दिलेली घोंगडी दे की गं." दिली. मांडीवर घेऊन कितीतरी वेळ चाचपत बसले. मग म्हणाले, "लई टोचायलीय आता. कातडी म्हातारी झाली आसंल माझी."
हे माझ्याकडे बघत होते. मी भाकरी टाकायला आत गेले.

६ जानेवारी
ऑपरेशन नीट झालं. डोळ्यांवर पट्टी. आबांची बोटं सारखी घोंगडीच्या कोपऱ्यात. "टाका हाताला लागंना गं."
"उसवला असेल."
डोळे बांधलेल्या माणसाशी खोटं बोलायला काहीच लागत नाही. स्वतःचीच किळस आली.
हे हळूच म्हणाले, "पट्टी सुटायच्या आत तू सांग. मी नाही सांगणार."

११ जानेवारी
पट्टी उद्या सकाळी सुटणार.
चार वाजता आबांजवळ जाऊन बसले. आता सांगायचंच. तेवढ्यात गल्लीत हाक, "भांडंऽऽ, भांडंऽऽ." आबांचा चेहरा खुलला. "बोलव तिला. माझ्या पिशवीत जुना सदरा हाय, एखादी वाटी तरी यील. लहानपनी टोपलीमागं पळत सुटायचीस, आठवतं का?"
सदरा घेऊन दारापर्यंत गेले. तीच बाई. तिनं टोपली उतरवली, वरच एक कडीचा डबा, झाकण लखलखीत. हात पुढे झाला माझा, खोटं कशाला लिहू. सदऱ्याला मेंढरांचा वास येत होता. नाकाशी धरला आणि दार लोटून घेतलं.
"घेतलीस का गं?"
"नाही आबा. तुम्हाला एक सांगायचंय."
"सांग की माय."
आणि मला दूध उतू जातंय असं वाटलं. उठून आत आले. दूध तर अजून तापतही ठेवलं नव्हतं.
मघापासून इथे स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून लिहितेय. सदरा खांद्यावर आहे. बाहेरून आबांनी आत्ता दुसऱ्यांदा विचारलं,
"काय सांगनार व्हतीस गं?"