ज्याचा खांदा आधी सुटेल

२४ नोव्हेंबर
संग्याला मारायचं. पक्कं. फक्त माझा उजवा हात खांद्याच्या वर गेला पाहिजे.
परवा सिद्धेश्वर यात्रेच्या सरावात मिरवणुकीतल्या नंदीध्वजाची उंच, जड काठी आधी कोण पेलणार, यावरून जुंपली. संगमेश माझा सख्खा चुलतभाऊ. वरच्या मजल्यावर राहतो. थोरला मी, मान माझा, तरी कॉलर धरतो! मी त्याला गटारीत आपटलं, त्यानं मला कट्ट्यावर. दोघांचेही उजवे खांदे गेले. डॉक्टर म्हणाले, हाडं शाबूत आहेत, फिजिओथेरपी करा.
आता घरात ठरलंय, ज्याचा खांदा आधी सुटेल, मोकळा होईल, तो जानेवारीत काठी पेलणार. म्हणजे मी. मग त्याच हातानं त्याचं थोबाड फोडणार.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ
फिजिओथेरपी करून पाहिली. ऋतुजा मॅडम म्हणाल्या, भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर न्या, घाई नको. मी विचारलं, यानं माणूस आडवा कधी पाडता येईल? म्हणाल्या, आधी केस तर विंचरता येऊ देत. डोकंच फिरलं. त्यांचा रबरी पट्टा सगळी ताकद लावून ओढला. तो सुटून तोंडावर बसला, ओठ फाटला. पेशंटवर हल्ला करणारी ट्रीटमेंट! बंद.

३० नोव्हेंबर
सायंटिफिक तुलना सुरू. संग्या त्याच ऋतुजा मॅडमकडे, मी करकंबला हाडं बसवणाऱ्या भीमा वस्तादांकडे. त्यांनी मला पालथा पाडला, पाठीत गुडघा रोवला आणि हात मागे उपटला. असा बोंबललो की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. वस्ताद म्हणाले, दुकतंय म्हंजे सुटतंय की. याला म्हणतात उपचार. संग्याच्या उपचाराला आवाजच नाही.

९ डिसेंबर
वस्तादांनी हात दोरीनं तुळईला बांधला आणि पायाखालचं स्टूल लाथेनं उडवलं. काहीतरी कडाडलं. तुळई असावी.
घरी वरच्या मजल्यावर संग्या भिंतीशी तोंड करून पालीसारखी बोटं चालवतो. हसून हसून खांदा दुखला.

१८ डिसेंबर
हात छातीपर्यंतही येईना. वस्ताद म्हणतात, रग आत जमा होतेय, एकदम भाईर पडणार. महानंदा म्हणाली, डाव्या हातानं जेवताय, जरा लाज वाटू द्या. बायकोला सायन्स कळत नाही. डाव्या हातानंच ताट भिंतीवर भिरकावलं. तिनं दुसरं वाढलं नाही. उपाशी.

२८ डिसेंबर
मला दम निघत नाही. जिन्यात संग्या दिसला, डाव्या हातानं ठोसा हाणला. त्यानं डोकं बाजूला घेतलं, ठोसा दाराच्या चौकटीवर. बोटं सुजली. तोंड वाचवायला त्यानं उजवा हात पार कपाळाच्या वर नेला होता. मारलं मात्र नाही. भ्याला.
म्हणजे वर जातो तर त्याचा हात. तात्पुरतं असेल.

५ जानेवारी
शेवटचा झटका. बेशुद्ध पडलो. वस्ताद तोंडावर पाणी मारत म्हणत होते, मालक, आता सोलापुरातच दावा की कुणाला तरी. रिझल्ट जवळ आलाय, त्याशिवाय त्यांनी मला मोकळं केलं नसतं.

१३ जानेवारी
आज यण्णीमज्जन, देवाला तेल लावायचा, काठ्यांच्या मिरवणुकीचा दिवस. महानंदा आणि अव्वा, माझी आई, पुढे देवळात गेल्या. बाराबंदीत डावा हात गेला. उजवा कोंबताना डोळ्यांपुढे अंधार. आणि त्या बारा नाड्या बांधायला दोन हात लागतात. डाव्याची बोटं अजून वाकत नाहीत. बाहेर हलगी वाजायला लागली. आजोबांपासून घरची काठी चुकली नाही, आणि मी उघड्या छातीनं रडत बसलेलो. रडलो. लिहायला कसली लाज.
संग्या आत आला. पांढरीशुभ्र बाराबंदी, डोक्याला फेटा. उजवा हात सरळ वर उचलला. मी डोळे मिटून घेतले. मार म्हटलं.
त्यानं खुंटीवरचा माझा फेटा काढला. माझ्या डोक्याला बांधला, मग एकेक नाडी बांधली. म्हणाला, अण्णा, काठी मी उचलतो, पन पयला हात तुमीच लावा की.
लावला. डावा. त्यानं काठी उचलली आणि मी बाजूनं चाललो. लोक मला वाट देत होते.
घरी येऊन भिंतीपाशी उभा राहिलो. बोटं कमरेच्या जरा वर गेली. ऋतुजा मॅडमचा नंबर संग्याकडूनच घेतला.
त्याला मारायचंच आहे. फक्त आधी केस विंचरता आले पाहिजेत.