शिवलेली पानं

२२ सप्टें., सोम.
एखादं पुस्तक लोकांनी वाचू नये, हे ठरवायचा हक्क कोणाला असतो? बी.ए.च्या शेवटच्या वर्षी यावर भाषण केलं होतं, बक्षीसही मिळालं. आज विचारलं तर उत्तर येत नाही.

मी सांभाळते त्या गावच्या वाचनालयात पुस्तकांचा नवा गठ्ठा आला. त्यात एक पुस्तक आमच्याच जंगलातल्या गावांवरचं, नागपूरच्या एका सरांनी लिहिलेलं. आमच्या गावाचं नाव छापलंय! बाबांना दाखवलं. वाचता येत नाही, पण नावावरून बोट फिरवत बसले.

संध्याकाळी वामनभाऊ आले. वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांच्या गाड्या सूरजागडच्या खाणीवर चालतात.
"थे पुस्तक काढ व तिथून. मांगच्या भागात डोंगराचं, खाणीचं काईबाई लिवलं हाय म्हणते."
"भाऊ, तुम्ही वाचलं?"
"वाचाले टाइम कोणाले हाय? बंदी येऊन राह्यली त्याच्यावर."
बंदीचा कागद मागितला. "येईन ना कागद!"
काढलं नाही. बरं वाटलं स्वतःबद्दल.

२४ सप्टें., बुध.
आज डोलूआजा आले. बाबांचे काका, आमच्या देवाचे भूमक. पूजा तेच करतात. वाचनालयात आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. चप्पल बाहेर काढून, काठी टेकत आले आणि म्हणाले, "त्या पुस्तकात आपल्या देवाची गोठ हाय म्हणते. काढ थे."

वाटलं, वामनभाऊंनीच पाठवलं. म्हटलं, आजा, न ऐकता कसं म्हणता? यात वाईट काहीच नाही, ऐका तर. आणि मी देवाचं प्रकरण काढून मोठ्यानं वाचायला लागले. चांगलं वाचत होते, भाषणासारखं.

आजांनी दोन्ही कान झाकले. "अव थांब! धान उभा हाय ना व!"
गेले. काठी इथंच राहिली.

घरी बाबांना विचारलं. ती गोष्ट धान घरात आल्यावर, देवाच्या जागी, भूमकानंच सांगायची. शेतात धान उभं असताना कोणी सांगितली तर देव गोष्टीमागं उठून जातो, शेत राखायला कोणी उरत नाही.
"मले काऊन नाई सांगितलं, बाबा?"
"सांगाचे दिवस येत, तवा तुही परीक्षा राहे. तू हॉस्टेलात."

२७ सप्टें., शनि.
रानडुकरं आली. खालची धानाची बांधी पार लोळवली. दरवर्षी येतात, बाबाच म्हणाले. पण माझ्याकडे न पाहता.
आईला माझ्यावर चिडायचं होतं, चिडली कोंबडीवर.
हे माझ्यामुळे नाही. माझा यावर विश्वास नाही. मग दिवसभर बांधीवर का उभी होते...

२९ सप्टें., सोम.
त्या सरांना फोन केला. ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? तर डोलूआजांच्याच थोरल्या भावानं! "हौसेनं सांगितली. मी लिहून घेतोय हे त्यांना माहीत होतं." कोणत्या महिन्यात? सरांना आठवत नाही. थोरले आजा, तेव्हाचे भूमक, आता नाहीत.

काठी द्यायला गेले, तेव्हा हे सांगितलं. डोलूआजा बराच वेळ बिडी शोधत राहिले.
"सांगितली असन. दोन गिलास पोटात गेले का थो कोनालेबी सांगे."
मग हसले. मीही हसले. मग म्हणाले, "पर आता भूमक मी हावो ना, माय."

सांगणाऱ्यानं खुशीनं दिलेलं. मागणाराही त्याच घरचा. कोणाचं धरायचं? वामनभाऊंना नाही म्हणणं किती सोपं होतं.

१ ऑक्टो., बुध.
वामनभाऊ पुन्हा. "भूमकबी तेच म्हणून राह्यला न? आता तं गावच म्हणते." म्हणजे आजांच्या पाठीआडून खाणीचं प्रकरणही जाणार. "रविवारी मिटिंग हाय. नाई काढलं तं चाबी घेऊन ये संगं."
वाचनालयाची ही चावी हातात आली तेव्हा आईनं तिला कुंकू लावलं होतं.

३ ऑक्टो., शुक्र.
दुपारी आजांना बोलावलं. घरून दाभण नेलं होतं, धानाची पोती शिवायचं, आणि सुतळी. देवाचं प्रकरण कुठून कुठपर्यंत ते मनात वाचून पाहिलं, आजांनी ती पानं चिमटीत धरली, मी शिवली. टाके मोठे, पोत्यासारखे. कव्हरच्या आत लिहिलं: ही पानं मी शिवली आहेत. धान घरी आलं की भूमक उघडतील. खाली माझं नाव.
"पुढच्या सालीबी शिवशीन?" आजांनी विचारलं.
माहीत नाही म्हटलं.

तेवढ्यात वामनभाऊ. पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, खूश झाले. "जमते न व तुले! मंग मांगची खाणीची पानंबी शिवून टाक, सुतळी हायेच."
"ती नाही, भाऊ."
"काऊन? त्याईचं शिवलं, आमचं काऊन नाई?"

काहीतरी फरक आहे, हे नक्की माहीत आहे. काय, ते सांगता येत नाही.

उरलेली सुतळी वामनभाऊंसमोरच बाहेरच्या चहाच्या चुलीत टाकली. पुस्तक दाराजवळच्या टेबलावर ठेवलं, खाणीचं प्रकरण उघडून, वर पेपरवेट. चावी रविवारची वाट न पाहता त्यांच्या हातात दिली.