दादाचा तळहात आणि पुसणारा रूळ

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पत्रातून ठेवतोय, म्हणजे तुला पाय मागे घेता येणार नाहीत). वहिनींनाही नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? तिकडची हवा मानवते का? झोप लागते का? आम्ही सगळे इकडे अगदी मजेत आहोत. कुणाचं काही अडलेलं नाही आणि तुझी आठवण काढायला इथे कुणाला सवडही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज व्हायला नको.

माझी आधीची पत्रं तू न फोडताच खणात टाकतोस, असं पुतणीकडून कळलं. फोन केला तर तू अंघोळीला गेलेला असतोस. (इतकी अंघोळ तू इथे असताना केली असतीस तर घरातले टॉवेल आजही पांढरे असते.) म्हणून हे पत्र मी जावईबापूंच्या नावानं पाठवतोय. जावईबापू, हे तुम्ही जेवताना मोठ्यानं वाचायचं. दादा रागावून गाव सोडेल, पण भरल्या ताटावरून उठणार नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. हे शेवटचं वाक्य मात्र मोठ्यानं वाचू नका.

(आणि जावईबापू, तुम्ही हिशेबाच्या कामातले, तेव्हा आमचा धंदा तुम्हाला थोडक्यात सांगतो. आमच्याकडे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरलेलं असतं. त्यावर सगळीकडे शाई चोपडायची आणि मग ती पुसून काढायची. तुम्ही म्हणाल, पुसायचीच तर लावायची कशाला? हाच प्रश्न माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या बोलणीत विचारला होता आणि लग्न मोडता मोडता राहिलं होतं. तर पुसायची ती वरवरची, ठेवायची ती कोरलेल्या रेघांतली. मग ओलसर कागद ठेवून दाबलं की रेघांतली शाई कागदावर उठते. आधी कडक जाळीदार फडक्यानं पुसायचं आणि शेवटी उघड्या तळहातानं, त्यावर खडूची भुकटी चोळून. कमी पुसलं तर सगळं चित्र काळवंडतं. जास्त पुसलं तर रेघांतलीही शाई निघून येते. आमचं सगळं पोट त्या शेवटच्या हातावर, आणि तो हात सध्या तुमच्याकडे, तुमच्या ताटात आहे.)

तर दादा, आपल्या दोघांत तू काळा हात आणि मी पांढरा. काळ्या हातानं कागदाला शिवायचं नाही, पांढऱ्यानं शाईला शिवायचं नाही. इतकी वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून आपण काम केलं. त्यात आपलं बोलणं म्हणजे ‘उचल’, ‘थांब’ आणि ‘चहा आला’ एवढंच, पण भांडण कधी झालं नाही. मग ते यंत्र आलं. मी आणलं, मान्य. तुला न विचारता आणलं, तेही मान्य. पण बाजारात टिकायचं तर वेग हवा, एवढंच मी म्हणालो होतो. त्यावर तू खुंटीवरचा एप्रन काढलास, त्याची गुंडाळी केलीस आणि ‘ते इथे असेपर्यंत मी पायरी चढणार नाही’ म्हणून सरळ मुलीकडे निघून गेलास. माणूस निदान आदळआपट तरी करतो! तू दार हळूच लोटून गेलास, ते मला जास्त लागलं.

असो. मला तक्रारीची सवय नाही. यंत्राचं सांगतो. त्यात पत्रा एका मोठ्या रुळावर बसतो, दुसरा रूळ त्याला शाई लावतो, आणि तिसरा, मऊ कातडीचा, पत्र्याच्या उलट फिरत वरची शाई पुसून घेतो. हा तिसरा खालच्या धुण्याच्या पाण्यात बुडतो, तिथे एक पातं त्याची शाई खरवडून काढतं, आणि तो स्वच्छ होऊन पुन्हा वर येतो. दिवसभर मळायचं आणि दिवसभर अंघोळ करायची, एवढंच त्याचं काम. (तुम्हा दोघांचं जमायला हवं होतं खरं तर.) तर या रुळाशी मी पहिल्या दिवसापासून तुझ्यासारखाच वागलो. तुझ्या हाताला जे जे लागतं ते ते मी त्याला दिलं, कशात म्हणून कसर ठेवली नाही.

पहिलं काम आलं ते नर्सिंग कॉलेजच्या पदवीपत्रांचं. तोच पत्रा, भोवती वेलबुट्टी आणि मधोमध संस्थापक मेट्रनबाईंचा चेहरा, जो तू डोळे मिटून पुसायचास. पहिला कागद निघाला तर बाई धुक्यात उभ्या. मी म्हटलं, रूळ हळू पुसतोय, दाब वाढवूया. चावी फिरवली. दुसरा कागद निघाला तर धुकं गेलं, पण बाईंचं नाकही गेलं. मी पुन्हा चावी उलटी फिरवली, तर नाक आलं आणि त्याबरोबर भरघोस दाढी आली. मग दाढी काढायला गेलो तर टोपी गेली. असं करता करता कागदांची एक चळत संपली. त्या चळतीत बाईंची सगळी रूपं होती, फक्त बाई नव्हत्या. त्यातच कॉलेजच्या प्राचार्याबाई काम बघायला आल्या. संस्थापकांना दाढी असलेला कागद त्यांनी बराच वेळ धरून ठेवला, आणि समारंभ जवळ आलाय, मुलींनी फार कष्टानं मिळवलंय हो हे, एवढंच म्हणून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी यंत्र बंद केलं आणि म्हटलं, हातानं पुसतो. आपण काय नवखे आहोत का, एवढं बघितलंय आयुष्यभर! फडक्यानं छान पुसलं, हाताला भुकटी लावली, तुझ्यासारखी मान तिरकी केली आणि तळहात फिरवला. दादा, माझ्या हाताला घाम येतो हे तुला माहीत आहे. (जावईबापू, म्हणून तर वडिलांनी मला पांढऱ्या बाजूला उभं केलं. तिथेही मी जाड कागदाच्या चिमट्यांनीच कागद उचलतो.) भुकटीचा चिखल झाला आणि माझ्या हाताचा ठसा जसाच्या तसा पत्र्यावर उठला. कागदावर मेट्रनबाईंच्या डाव्या गालावरून माझी आयुष्यरेषा गेलेली. बरीच लांब आहे, तेवढंच एक समाधान.

तेव्हा मी कोरडा तळहात शोधायला बाहेर पडलो. हसू नकोस. आधी हिचा बघितला. हिचा हात कोरडा आहे, पण पत्रा पुसताना हिच्या मनात भांडी येतात, कोपऱ्यात कुठे डाग राहिलेला हिला खपत नाही. तिनं इतकं लख्ख पुसलं की पत्र्यात तोंड दिसलं आणि कागदावर काहीच आलं नाही. मग समोरचा न्हावी. तो मोठ्या उत्साहानं आला, पण त्याच्या हातात आयुष्यभराचं डोक्याचं तेल मुरलेलं, शाईच फाटली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला सगळ्यांत बरा वाटला. पिठामुळे हात कसा ठणठणीत कोरडा! पण त्यानं पत्रा पुसला नाही, मळला. खाली दाबून, पुढे ढकलून, पुन्हा उचलून. मी थांब थांब म्हणेपर्यंत त्यानं पत्रा उलटा करून दुसऱ्या बाजूनंही मळायला घेतला. (बिचारा जाताना गरम पाव ठेवून गेला. त्या पावावर मेट्रनबाईंची टोपी अगदी सुरेख उठली होती.) वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांना विचारलं, तर ते म्हणाले माझे हात खडूनं आधीच गेलेत, आता शाईनं घालवू नका. गल्लीत आता मी दिसलो की लोक हात खिशात घालतात.

शेवटी मी रिकाम्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. पांढऱ्या बाजूला. समोर काळ्या बाजूला कुणी नाही. काळा हात नसला की पांढऱ्या हाताला काय काम असतं, मला सांग. कागद भिजवून ठेवलेला असतो, तो वाळत जातो. मी तो पुन्हा भिजवतो.

तेव्हा दादा, आता तूच ये. समारंभ तोंडावर आलाय, मुली ताटकळल्यात, माझी अब्रू जायची वेळ आलीय आणि तुझ्या हाताशिवाय यातून सुटका नाही. तू ‘येतो’ म्हणालास की त्याच दिवशी यंत्र भंगारात घालतो. वाटल्यास तू स्वतः येऊन घाल, मी हातोडा आणून ठेवतो. वहिनींना म्हणावं, तुमची खोली झाडून ठेवलीय. पुतणीला आणि मुलांना आशीर्वाद. जावईबापूंचा घसा बसला असेल, त्यांना पाणी द्या.

तुझा,
अडलेला धाकटा

ता. क. — पत्र टाकायला निघालो तोच यंत्राचा मिस्त्री आला. त्यानं झाकण उघडलं आणि आत बोट फिरवून माझ्याकडे बघत राहिला. बोट पांढरं होतं. मी त्याला सांगितलं, रोज सकाळी मी रुळाला खडूची भुकटी लावतो. आमचा दादा लावतो ना हाताला. तो मिस्त्री फार सज्जन माणूस, हसायला बाहेर गेला. भुकटी धुण्याच्या पाण्यात भिजून पात्यावर थापली गेली होती आणि रूळ स्वच्छ व्हायच्या ऐवजी तिचाच सारवा घेऊन वर येत होता. त्यानं सगळं धुतलं, नवं पाणी भरलं आणि दाब इतका कमी केला की मला वाटलं रूळ पत्र्याला लागतच नाहीये. पुसायचं म्हणजे दाबायचं नसतं म्हणाला. पहिलाच कागद निघाला, आणि दादा, बाई आल्या. नाक, टोपी, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक रेघा, सगळ्या जागच्या जागी. पदवीपत्रं वेळेत पोचलीसुद्धा.

म्हणजे वरच्या पत्रातलं आता काही खरं राहिलं नाही. माझं काही अडलेलं नाही. यंत्र मी भंगारात घालणार नाही, ते चांगलं पुसतं, तुझ्या हाताच्या जवळपास जाईल इतकं चांगलं. पत्र फाडून दुसरं लिहावं म्हणून बसलो, पण तुला बोलवायला निमित्तच सापडेना. तू पायरी चढणार नाही म्हणालास, आणि यंत्र तर इथेच आहे. तरी ये. मला तुझ्याशिवाय करमत नाही. झालं, लिहिलं. जावईबापू, हे मोठ्यानं वाचा, आणि सावकाश वाचा.

ता. क. दुसरं, माझ्याकडून — भाऊजींना आणि वहिनींना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी लिहिते, यांना माहीत नाही. ते वेगाचं यांनी तुम्हाला सांगितलं ते साफ खोटं. वेग घेऊन आपल्याला जायचं होतं कुठे? तुम्हाला उजव्या हातानं कप धरता येईनासा झाला होता. तुम्ही डाव्या हातानं चहा प्यायला लागलात, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही असं तुम्हाला वाटलं. यांच्या आलं होतं. मोठ्या भावाला ‘आता तुझा हात थकला’ असं तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून यांनी यंत्र आणलं आणि वेगाचं निमित्त काढलं. तुम्ही गेलात त्या दिवशी हे जेवले नाहीत.

आणि अजून एक. नव्या कामाचा पहिला कागद निघाला की हे अजूनही समोर वळून तो उजेडात धरतात. तिथे तुम्ही उभे असायचात, कागदाकडे बघायचात आणि ‘हूं’ म्हणायचात. मग काम सुरू व्हायचं. आता कागद धरून तसेच उभे राहतात. मला बघवेना, म्हणून परवा मीच समोर जाऊन उभी राहिले आणि ‘हूं’ म्हटलं. म्हणाले, छान म्हटलंस, पण असं नाही. मग मी जरा जाड आवाजात म्हटलं. तर कागद खाली ठेवून बाहेरच गेले. भाऊजी, हाताचं आता काही काम नाही. नुसतं येऊन ‘हूं’ म्हणा.